बॉयलरवरचा पाणकर

दुधराम गोंदियाला आला तो एका हंगामापुरता. १९४७ सालची दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. अर्जुनीच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या चिचटोल्यात राइस मिलचा माणूस आला आणि सहा गडी घेऊन गेला. होळीच्या आधी पाच परतले, सहावा दुधराम परतला नाही. त्याचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. पाच जण गावच्या वाटेला लागले तेव्हा बायको धुरपता वाटेवर उभी होती, पाचांना जाऊ देऊन ती आणखी बराच वेळ तिथेच थांबली, असं त्यातल्याच एकाने पुढे त्याला सांगितलं. सांगणारा सहज बोलून गेला. दुधरामच्या मनातून मात्र ते कधी गेलं नाही.

तो मागे राहिला बॉयलरमुळे. मिलमध्ये उसना तांदूळ व्हायचा. धान आधी वाफेवर शिजवायचं, अंगणात वाळवायचं, मग कांडायचं. वाफ लागायची ती शिजवायला, आणि कांडणीचं इंजिन फिरवायलाही. दुधरामला काम मिळालं होतं भट्टीत कोंडा टाकायचं. एके दुपारी कोंड्याची टोपली खाली ठेवून तो फायरमनला म्हणाला, "आतमंदी पानी कमी हाय जी."

फायरमन हसला. समोर, आतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत, पाणी निम्म्यावर दिसत होतं. पण दुधराम हटेना. "आवाज कोरडा येऊन राहिला," तो म्हणाला. शेवटी चेष्टेखातर फायरमनने तपासणीचा कॉक उघडला, तर त्यातून पाण्याऐवजी नुसती वाफ आली. काचनळीचं तोंड गाळाने बुजलं होतं आणि आतलं पाणी कधीच खाली गेलं होतं. मिलचे मालक भैयाजी यांच्या कानावर ते गेलं. त्यांनी दुधरामला बोलावून विचारलं, "तुला कसं कळलं रे?"

 दुधरामला त्यात विशेष काही वाटलंच नव्हतं. तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीच्या घरात जन्म, आज्याच्या आज्याने बांधलेला गावचा तलाव, आणि बाप पुनाराम त्या तलावाचा पाणकर. पाणकराने तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, किती वेळ जाईल ते ठरवायचं, तुडूम उघडायचं नि बंद करायचं. तुडूम म्हणजे पाळीच्या, तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटातून पाणी बाहेर काढणारी दगडी मोरी. तिची भोकं बुजवणाऱ्या लाकडी खुंट्या पाण्याखाली असतात. कितवी खुंटी उघडली आहे, हे पुनाराम पाळीवर आडवा होऊन नुसत्या आवाजावरून सांगायचा. दुधराम लहानपणापासून त्याच्या शेजारी आडवा व्हायचा.

भैयाजींनी त्याला बॉयलरवर घेतलं. एक हंगाम, मग दुसरा. पावसाळ्यात मिल मंदावली की बॉयलर आतून खरवडायचा, तपासणीसाठी तयार करायचा. म्हणजे तेव्हाही सुट्टी नाही. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला त्याने एक खोली घेतली आणि धुरपताला निरोप धाडला. पण त्या साली पुनाराम तापाने दोन-तीन महिने अंथरुणाला खिळला, आणि तिला निघता आलं नाही. मग एक मूल झालं, सव्वा महिन्याचं होऊन वारलं. दुधराम पोचला तेव्हा त्याला जाऊन तिसरा दिवस होता.  धुरपताने त्याच्या पुढ्यात भाकर ठेवली आणि तलावाकडे निघून गेली.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारचा झाला. दोन वर्षांनी पुनाराम वारला. नवा पाणकर कुणी नेमला नाही. आश्विनात धान पोटरीवर आलं आणि पाण्यावरून भांडणं लागली, तेव्हा गावातले चार शेतकरी धुरपताच्या दारात आले. सासऱ्याची शिदोरी घेऊन ती सहा वर्षं पाळीवर जात होती. कोणती बांधी उंच, कोणती खोलगट, कोणाची पाळी कोणानंतर, सगळं तिला पाठ होतं. "तूच सांग वो बाई," ते म्हणाले. तिने सांगितलं. तेव्हापासून तीच सांगत आली.

असा त्यांचा संसार चालला होता. तो इकडे एका पाण्यावर, ती तिकडे एका पाण्यावर. वर्षाकाठी तीन-चार वेळा भेट, तीही एका रात्रीची.

१९५६ चा माघ लागला आणि मिलच्या विहिरीचं पाणी खाली गेलं. आदल्या पावसाळ्याने हात आखडला होता. दुपारपर्यंत विहीर उपसून व्हायची आणि बॉयलर विझवायची पाळी यायची. तेव्हा मिलचे मिस्त्री छोटेलाल यांनी एक तोड काढली. हे जबलपूरकडचे, इंजिनात आयुष्य गेलेले. इंजिन फिरवून झालेली वाफ इतके दिवस छपरावरच्या नळातून आकाशात जात होती. ती त्यांनी नळाने फिरवून एका विटांच्या हौदात सोडली. तिथे तिचं पाणी व्हायचं, आणि तेच गरम पाणी पंपाने पुन्हा बॉयलरमध्ये जायचं. विहिरीवरचा भार निम्म्याने उतरला. भैयाजी खूश झाले. दुधरामलाही ती युक्ती आवडली, कारण गरम पाण्याला वाफ धरायला वेळ लागत नाही.

पंधरा दिवस बरे गेले. सोळाव्या दिवशी काचनळीतलं पाणी नाचायला लागलं.

एरवी तिथली रेघ कशी शांत असते, श्वास घेतल्यासारखी जराशी वर, जराशी खाली. आता ती एकदम चार बोटं उसळायची, मग दिसेनाशी व्हायची. काचेला आतून फेस चिकटायचा. आत नक्की पाणी किती, हे कळायला मार्ग उरला नाही. वाफेबरोबर पाणीही इंजिनात जायला लागलं, आणि इंजिन घणाचे घाव घातल्यासारखं आपटायला लागलं. अंगणात धान पसरणारी मंदाबाई येऊन म्हणाली, "दुधरामभाऊ, धानाले कंदिलावानी वास येऊन राहिला. का टाकलं तुमी वाफेत?"

दुधरामने बॉयलरचं पाणी वाटीत काढलं, निवू दिलं आणि त्यात लाल कागद बुडवला. लिटमसच्या कागदांची ती डबी दरवर्षी येणाऱ्या इन्स्पेक्टर साहेबांनी त्याला दिली होती आणि शिकवलं होतं, की बॉयलरचं पाणी सोड्याकडे झुकलेलं पाहिजे. लाल कागद निळा झाला तर ठीक. लालचा लाल राहिला तर पाणी आंबट होत चाललं, आणि आंबट पाणी लोखंडाला किडीसारखं खातं. आज कागद लालच राहिला. मग निळा कागद बुडवला, तर त्याच्या कडा तांबूस झाल्या.

छोटेलाल कागद बघून म्हणाले, "सोडा कम है. डबल मारो."

सोडा दुप्पट टाकला. संध्याकाळी लाल कागद गर्द निळा झाला. छोटेलालांनी मिशीवरून हात फिरवला. पण दुसऱ्या दिवशी फेस दुप्पट झाला.

"और मारो," छोटेलाल म्हणाले.

"मिस्त्रीजी, मले वाटते सोड्यानंच फेस वाढून राहिला."

"कागज देखा ना तूने? कागज झूठ बोलता है क्या?"

कागद खोटं बोलत नव्हता. पण विचारलं तेवढंच सांगत होता. दुधरामने खालचा कॉक उघडून घाण पाणी सोडून दिलं, नवीन भरलं. तासभर बरं चाललं, पुन्हा तोच नाच. चार दिवस त्याने पाय लांब केले नाहीत. काच दिसेना तेव्हा बॉयलरच्या विटांना कान लावून बसायचा आणि बापाची आठवण करायचा. पण फेसाला आवाज नसतो. पाण्याचा खळखळाट त्याला ओळखता यायचा, हा सगळा दबलेला आवाज होता, उशी तोंडावर धरून कोणी बोलावं तसा. पहिल्यांदाच त्याला आपल्या बॉयलरची भीती वाटली.

पाचव्या दिवशी तो सरळ भैयाजींकडे गेला. म्हणाला, "बंद करा. आत पाहू द्या. नाही तर कोनाच्या तरी जिवावर येते."

भैयाजींनी छोटेलालांकडे पाहिलं. छोटेलालांनी होकाराची मान हलवली. तेही चार दिवस झोपले नव्हते.

बॉयलर निवायला दोन दिवस लागले. मग झाकण काढून दुधराम कंदील घेऊन आत उतरला. पाण्याची पातळी जिथे असायची तिथे चहूबाजूंनी काळपट तपकिरी पट्टा होता, हाताला लोण्यासारखा लागणारा. तळाशी सुपारीएवढ्या चिकट गोळ्या. आणि ज्या दोन मोठ्या नळ्यांत आग जळायची, त्यांच्या पाठीवर डांबरासारखा पातळ लेप. त्याने डाव्या नळीच्या पाठीवरून तळहात फिरवला, आणि एका जागी हात थबकला. तिथे लोखंड किंचित फुगलं होतं. बोटाच्या पेराएवढं, जास्त नाही. लेपाच्या खाली पाणी पोचत नव्हतं. पाण्याने लोखंडाला निववायचं, ते तिथे बंद झालं होतं. आणखी आठवडा गेला असता तर ती नळी फाटली असती, आणि समोर कोण उभा असता, हे काही वेगळं सांगायला नको.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. त्याने ते छोटेलालांच्या नाकापुढे धरले. छोटेलालांनी वास घेतला. "सिलेंडर ऑइल," ते हळूच म्हणाले. इंजिनाच्या सिलेंडरमध्ये थेंब थेंब पडणारं तेल वाफेबरोबर हौदात येत होतं आणि हौदातून बॉयलरमध्ये.

मग पुढे काय करायचं, यावर दोघांचं जुळेना. छोटेलाल म्हणत, खरवडून काढू आणि सोडा वाढवू, सोडा तेलाला खातो. दुधरामला वाटे, वाढवलेल्या सोड्यानेच तर हे झालं. पण का वाटतं, हे त्याला मांडता येईना. तेवढ्यात फुगवट्याची खबर नागपूरला गेली. इन्स्पेक्टर साहेब येऊन पाहून जाईपर्यंत बॉयलर पेटवायचा नव्हता. साहेब तीन दिवसांनी येणार होते.

"घर जा के आ," भैयाजी म्हणाले.

दुधराम दुपारच्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीने अर्जुनीला उतरला आणि तीन कोस चालत गावात पोचला. घराला कडी होती. तो पाळीवर गेला.

धुरपता पाण्याच्या काठाशी उभी होती, पदर कमरेला खोचलेला, आणि समोर टेकचंद पाटलाचा तरणा मुलगा मान खाली घालून. त्याने वांग्याच्या वाडीसाठी कुणाला न विचारता पाणी फोडलं होतं. "ढोराले प्यायले पानी नाई राहन बैसाखात, तवा तुह्या वांग्यायनं पाजशीन का त्यायले?" ती म्हणत होती. तिने नवऱ्याला पाहिलं. बोलणं थांबवलं नाही. मुलाने फावडं घेऊन चर बुजवला, तेव्हाच ती इकडे वळली.

"तुमी? मिल बंद पडली का?"

"बॉयलर थंडा करून ठेवला."

"मंग तो थंडा झाल्याबिगर तुमी येतच नाई म्हना."

तो हसला. तीही हसली, पण तिचे डोळे त्याच्या हातांवर होते. कोपरापर्यंतचा काळा रंग तीनदा धुऊनही गेला नव्हता.

घरी येता येता त्याने नेहमीचं बोलणं काढलं. कुडव्याची खोली चांगली आहे, शेजारीपाजारी आपल्याकडचे आहेत, विहीर दारात आहे.

"अन् इथचं पानी कोन सोडन?"

"सरकार सोडन. त्यायचा तलाव हाय आता."

"सरकार आलं होतं," धुरपता म्हणाली. "जीपमंदी. पाय ओला न करता गेलं." चार पावलं चालून ती म्हणाली, "तुमीच काऊन येत नाई?"

"बॉयलर कोन पाहन?"

 हे बोलणं नऊ वर्षांत कितीदा झालं होतं, आणि दर वेळी याच जागी येऊन बसायचं.

संध्याकाळी तिने वडे केले, मोहाच्या बियांच्या तेलात. तो आला की करायची. जेवणं झाल्यावर ती परसात कढई घासायला बसली आणि तो पायरीवर बसून तिच्याकडे बघत राहिला. नुसतं बघण्यासाठी म्हणून बघत होता. केसांत दोन पांढरे दिसले. मागच्या वेळी नव्हते, किंवा त्याने पाहिले नव्हते. आपल्या माघारी ही म्हातारी होत जाणार आणि आपल्याला ते असं हप्त्या-हप्त्याने कळणार, असं त्याच्या मनात आलं. तो खाली कढईकडे पाहू लागला.

तिने कढईत चुलीतली राख टाकली, वरून कढत पाणी ओतलं आणि घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीने घासायला लागली. पाणी बुळबुळीत झालं. मग पांढरं झालं. मग त्यावर फेस आला, चांगला ओंजळभर.

"थांब," दुधराम म्हणाला.

"का झालं?"

"त्यात पुन्हा राख टाक."

तिने टाकली. फेस वाढला. तो उठून जवळ आला. शेजारी पितळी गडवा होता, त्यात नुसतं पाणी आणि राख. त्यात हात घालून ढवळलं, तर फेस नाही. कढईतल्या तेलकट पाण्यात मात्र फेसच फेस.

"राख म्हंजे सोडाच," तो स्वतःशीच म्हणाला. "तेल अन् सोडा तापला का साबन होते. आमी बॉयलरमंदी साबन शिजवून राहिलो."

धुरपताने त्याच्याकडे पाहिलं. "येवढंच? हे तर मले इचारलं असतं तरी सांगतलं असतं."

"तुले इचारायले तू होती कोठी?" तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते.  हातातली जाळी तिने झटकली. कढईतलं तेल त्या जाळीने धरून ठेवलं होतं आणि पाणी खाली सोडून दिलं होतं. हौदातल्या पाण्यालाही अशीच जाळी लावायची, असं दुधरामने तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारोदार फिरली. कुणाच्या कुंपणावरची, कुणाच्या छपरावरची, बियाण्यासाठी ठेवलेली सोडून जेवढी म्हणून वाळलेली घोसाळी गावात होती तेवढी पोत्यात भरली आणि पोतं त्याच्या खांद्यावर दिलं. पाळीच्या टोकापर्यंत सोबत आली.

गोंदियात परतल्यावर त्याने आधी छोटेलालांना नवीन कोऱ्या पणत्या आणायला लावल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत हौदाचं निवलेलं. हात राखेने धुतले आणि भट्टीपुढच्या देवळीतला कापूर घेऊन त्याचे बारीक कण पाण्यावर सोडले. गावात पोरं हा खेळ खेळतात. विहिरीच्या पाण्यावर कण गरगर फिरायला लागले, इकडून तिकडे पळायला लागले. हौदाच्या पाण्यावर पडले ते मेल्यासारखे पडून राहिले. पाणी दिसायला काचेसारखं होतं. "डोऱ्याले दिसत नाई तेवढं तेल कापराले कळते," दुधराम म्हणाला. छोटेलाल वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी स्वतः बोट केसांवरून फिरवून पहिल्या पणतीत टेकवलं. नाचणारे कण जागच्या जागी थांबले.

"मान गए," म्हातारा म्हणाला.

मग दोघांनी मिळून केलं. हौदात विटांच्या तीन भिंती घातल्या. पहिलीखालून पाणी जायचं, दुसरीवरून सांडायचं, तिसरीखालून पुन्हा जायचं. तेल हलकं, ते पहिल्याच कप्प्यात वर तरंगत राहायचं आणि तिथून पळीने काढायचं. शेवटच्या कप्प्यात घोसाळ्याच्या जाळ्या दाबून भरल्या, आणि पंपाची नळी त्यांच्या खाली, अगदी तळाशी नेली. सिलेंडरमध्ये पडणारे तेलाचे थेंब छोटेलालांनी निम्म्यावर आणले. इतकी वर्षं ते गरजेपेक्षा जास्तच सोडत होते, हे त्यांनी आपणहून कबूल केलं. आणि त्यांचा सोडाही वाया गेला नाही. इन्स्पेक्टर साहेबांनी फुगवटा ठोकून पाहिला, वाफेचा जोर कमी ठेवून पावसाळ्यापर्यंत चालवायची परवानगी दिली, आणि सांगितलं की आधी भरपूर सोड्याच्या पाण्याने बॉयलर मंद आगीवर दिवसभर उकळा, वाफ धरू नका, मग ते सगळं पाणी सोडून द्या. चिकटलेलं तेल तसंच निघेल. म्हणजे धुवायला सोडा भरपूर, चालवायला बेताचा. दोघेही बरोबर होते आणि दोघेही अर्धेच.

नवीन पाणी भरलं, आग पेटली. दुधरामने लाल कागद बुडवला. तो फिकट निळा झाला, पावसाळा सरल्यावरच्या आभाळासारखा. काचनळीतली रेघ शांत उभी राहिली. संध्याकाळी मंदाबाईने धान हुंगून मान डोलावली.

पुढे दर पंधरवड्याला जाळ्या राखेच्या पाण्यात उकळाव्या लागत, आणि दोन-तीन महिन्यांत नव्या लागत. त्या चिचटोल्यातूनच यायच्या. धुरपताला लिहिता येत नव्हतं, दुधरामलाही जेमतेम. पण छोट्या गाडीच्या गार्डाकडून पोतं यायचं. दुधराम ते बॉयलरमागे नेऊन एकटाच सोडायचा. वरच्या जाळ्यांना त्यांच्या घरच्या धुराचा वास असायचा. मधे कधी मूठभर वाळलेली मोहफुलं, कधी आंबाडीचा पाला पुडीत बांधलेला. तळाशी हात घालून तो चाचपून बघायचा. निरोप असा काही नसायचा. तरी तो बघायचा.

भैयाजींनी त्याला नागपूरला बॉयलर चालवण्याच्या परीक्षेला बसवलं, आणि तो पासही झाला. "अब बोल, क्या चाहिए?" त्यांनी विचारलं. दुधराम म्हणाला, "भादवा अन् आश्विन. दोन मयने." भैयाजींनी कपाळाला हात लावला. तपासणीचा काळ तोच. शेवटी पंधरा दिवसांवर आलं.

पुढच्या चैत्रात, तलाव आटला होता म्हणून, धुरपता पहिल्यांदा गोंदियाला आली. कुडव्याची खोली तिने झाडली, चूल लिंपली, तीन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी मिल बघायला गेली. विटांच्या भिंतीवर तळहात ठेवून तिने तो पटकन मागे घेतला. "याच्यासंगं राह्यता तुमी," ती म्हणाली. रागाने नाही. सवत बघावी तशी जरा वेळ बघत राहिली, आणि मग त्याला विचारलं, "याले थंडी नाई वाजत, ताप नाई येत. मंग येवढं का जपा लागते?" दुधरामने सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता त्याला कळलं, की ती ऐकत नाही, त्याचं तोंड बघते आहे.

रात्री ती म्हणाली, "तुमचं पानी बंद डब्यातलं. माह्यं उघड्यावरचं. माह्यं लोक चोरतात." सकाळी ती गेली.

१९६० च्या उन्हाळ्यात मिलला विजेची मोटर आली. वाफेचं इंजिन उखडून भंगारात गेलं, त्याबरोबर सिलेंडर तेलही. बॉयलर उरला फक्त धान शिजवायला. पाण्यात तेल यायचा प्रश्नच मिटला, हौदाच्या भिंती फोडल्या, घोसाळ्यांची पोती यायची थांबली. छोटेलाल आपल्या मुलाकडे जबलपूरला गेले. जाताना त्यांनी दुधरामच्या खांद्यावर हात ठेवला. बॉयलरला आता एवढं लक्ष लागत नव्हतं. दुधरामला बोलावून भैयाजी म्हणाले, "तेरे दो महीने ले ले." ज्यासाठी तो इतकी वर्षं झुरला होता ते त्याला असं मिळालं, मिलला त्याची गरज कमी झाल्यावर.

भादव्यात तो गावी गेला. पहिले काही दिवस पाहुण्यासारखा वावरला. लोक त्याला मिलवाले दुधराम म्हणत. आश्विनात धानाला पाणी द्यायची वेळ आली, तेव्हा तिसरी खुंटी काढायला तोच पाण्यात उतरला. दोनदा बुडी मारली. दोन्ही वेळा खुंटी हाताला लागली आणि दम संपला. तेरा वर्षांचा कोंड्याचा धूर छातीत बसला होता. तो वर आला तेव्हा खोकत होता. धुरपताने पाळीवरून टेकचंदच्या मुलाला हाक मारली. त्याने एका दमात खुंटी काढली.

दुधराम ओल्या अंगाने पाळीवर आडवा झाला आणि त्याने जमिनीला कान लावला. खाली पाणी मोरीतून निघालं होतं. किती खुंट्या उघड्या आहेत, हे त्याला आवाजावरून कळेना. त्याला रडू आलं. कोणी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना धुरपता बोलायला लागली. कोणाची बांधी कशी फुटली, कोणी कोणाचं पाणी वळवलं, सासरे शेवटच्या दिवसांत काय काय सांगत होते, सव्वा महिन्याच्या पोराचे डोळे कसे होते, जीपमधला साहेब चिखलात कसा घसरला. एकातून दुसरं निघत होतं. चूल विझली तरी तिचं थांबेना. दुधराम ताटावर हात वाळवत ऐकत बसला. चौदा वर्षांच्या संसारात ही बाई एवढं बोलते, हे त्याला माहीतच नव्हतं.